एमएस्सी केमिस्ट्री: ऑरगॅनिक की ॲनालिटिकल, सोलापूर की पुणे?

प्रश्न विचारणाऱ्या मुलीची परिस्थिती थोडक्यात अशी: बीएस्सी केमिस्ट्री सोलापुरातून, पहिला वर्ग. वडील शहराच्या पूर्व भागात यंत्रमाग कारखान्यात जॉबर (मागांची देखभाल-दुरुस्ती बघणारे), धाकटा भाऊ बारावीत. एमएस्सी करायचंच आहे. पण ऑरगॅनिक (कार्बनी संयुगांची केमिस्ट्री) घ्यावं की ॲनालिटिकल (पदार्थ तपासण्या-मोजण्याची), सोलापुरात राहावं की पुण्याला जावं, ‘स्कोप’ कशाला जास्त, आणि शिकता शिकता संध्याकाळी क्लासवर शिकवायला गेलं तर झेपेल का, असे चार प्रश्न तिने विचारलेत. त्याखाली घाईघाईत लिहिल्यासारखी एक ओळ आहे: “मार्क पडलेत, पण मला केमिस्ट्री येते असं काही वाटत नाही.”

मी काही वर्षं औषधकंपनीत क्वालिटी कंट्रोलला होतो. आता एमएस्सीच्या वर्गांना शिकवतो, आणि कॅम्पस मुलाखतींना कंपनीच्या लोकांशेजारी बसायची वेळ बऱ्याचदा येते. तिथे बसून जे दिसतं त्यावरून सांगतो, तुमच्या चार प्रश्नांपेक्षा ती शेवटची ओळच मला जास्त महत्त्वाची वाटते. शाखा कुठलीही असू दे, मुलाखत तिथेच अडकते. तरी आधी विचारलेलं घेऊ, कारण प्रवेशाची तारीख काही थांबत नाही.

पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी इनऑरगॅनिक, फिजिकल, ऑरगॅनिक, ॲनालिटिकल असं सगळंच असतं. शाखेची वाट खऱ्या अर्थाने दुसऱ्या वर्षी सुटी होते. सिंथेसिसच्या, म्हणजे नवी संयुगं बनवण्याच्या, आर अँड डीत जायचं असेल तर ऑरगॅनिकला पर्याय नाही. क्यूसी (क्वालिटी कंट्रोल), स्टॅबिलिटी (औषध किती काळ टिकतं ते बघणं), मेथड डेव्हलपमेंट (तपासणीच्या पद्धती बसवणं) इथे दोन्हीकडची मुलं घेतात. ॲनालिटिकलची मुलगी उपकरणाला लवकर सरावते, ऑरगॅनिकच्या मुलीला इम्प्युरिटी कुठून आली असेल ते लवकर सुचतं. मी माझ्या विद्यार्थ्यांना एवढंच विचारतो: रिॲक्शन लावून दर अर्ध्या तासाने टीएलसी (रिॲक्शन कुठवर आली ते दाखवणारी छोटी चाचणी) घेत उभं राहायला आवडतं, की दोन आकडे जुळत नसतील तर का जुळत नाहीत ते खणून काढायला? पहिलं असेल तर ऑरगॅनिक, दुसरं असेल तर ॲनालिटिकल. ठरतच नसेल तर ऑरगॅनिक घ्या. तिथून क्यूसीत जाता येतं, उलटा प्रवास कठीण असतो. केगावला सोलापूर विद्यापीठात पॉलिमर केमिस्ट्रीही आहे. रंग, कोटिंग, रबर, प्लॅस्टिक अशा कारखान्यांकडे ओढा असेल तर ‘ऑरगॅनिक मिळालं नाही म्हणून घेतलं’ अशा नजरेने तिच्याकडे बघू नका.

सोलापूर की पुणे, हे मात्र घरच्या पैशांवर आणि नेमकं कुठे प्रवेश मिळतोय यावर आहे. जॅम (आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) दिली असेल आणि आयआयटीत जागा मिळत असेल तर पुढचं वाचत बसू नका, जा. पुणे विद्यापीठाच्या विभागात किंवा तिथल्या एखाद्या जुन्या, चांगल्या कॉलेजात मिळत असेल तर घरी बसून हिशेब करण्यासारखा आहे. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, १९५० पासूनची. तिथली व्याख्यानं, तिथे पीएचडी करणारे सीनियर, त्यांच्याशी होणाऱ्या गप्पा यांचा फरक पडतो, तो मी नाकारणार नाही. पण ‘पुण्याला गेली’ एवढ्यासाठी कुठल्या तरी गर्दीच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा आणि खोली, मेस, प्रवास यांचे पैसे जॉबरच्या पगारातून काढायचे, याला माझी संमती नाही. त्यापेक्षा सोलापुरात राहा आणि वाचलेल्या पैशांतून गरज पडेल तेव्हा हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन या.

सोलापुरातलं कॉलेज निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवा. त्यात एचपीएलसीचा (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाचा) फोटो असतोच. कामाच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला जा आणि पीजीच्या लॅबमध्ये डोकावा. मुलं काम करताहेत की जर्नल उतरवून काढताहेत? दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना गाठा. उपकरण चालू आहे का, स्वतः त्यात नमुना इंजेक्ट करायला मिळतं का की सर दाखवतात आणि सगळे बघतात, मागच्या बॅचने प्रोजेक्ट कुठे केले, हे विचारा. अर्ध्या तासात खरं काय ते कळतं. आणि अंतर धरा हिशेबात. पूर्व भागातून दयानंद, वालचंद जवळ पडतात, केगावला जायचं तर अख्खं शहर ओलांडून पुणे रोडला. रोजचा जाऊन-येऊन वेळ गेला तर तो अभ्यासातूनच जाणार. विद्यापीठातल्या सोयी त्या वेळेच्या तोलाच्या वाटल्या तरच तिकडे.

आता ती ओळ.

बीएस्सीला आपल्याकडे पाठांतरावर भरपूर मार्क मिळतात. नावाच्या रिॲक्शन पाठ, त्यांचे मेकॅनिझम पाठ, प्रश्नसंचातले ठरावीक प्रश्न पाठ. तुमच्या वडिलांना विचारा, मागाचा नुसता आवाज ऐकून त्यांना बिघाड कुठे आहे ते कसं कळतं. त्यांनी मागाचे भाग पाठ केलेले नाहीत, एक भाग हलला की दुसऱ्याचं काय होतं हे त्यांना ठाऊक आहे. केमिस्ट्री येणं म्हणजे तेच: एक गोष्ट बदलली तर पुढे काय बदलेल, हे सांगता येणं.

मुलाखतीतलं नेहमीचं दृश्य सांगतो. उमेदवार म्हणते, प्रोजेक्टमध्ये एचपीएलसी केलं. समोरचा विचारतो, मोबाइल फेजचा (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणाचा) पीएच किती होता? तीन, सर. तीनच का? इथे गाडी थांबते. खरं तर उत्तर बीएस्सीच्या पहिल्या वर्षातलं आहे. बेंझोइक ॲसिड घ्या, त्याचा पीकेए ४.२ आहे. पीएच ४.२ ला निम्मे रेणू आयन झालेले, निम्मे तसेच. पीएच २.२ ला जेमतेम एक टक्का आयन, ६.२ ला नव्याण्णव टक्के. सी-१८ कॉलम, म्हणजे एचपीएलसीतली भरलेली नळी, तेलकट स्वभावाचा. तो आयन न झालेल्या रेणूला धरून ठेवतो, आयनला लवकर सोडतो. म्हणजे पीएच तीनला पीक (आलेखावरचा उंचवटा) उशिरा येणार, सहाला लवकर. आणि ४.२ च्या आसपास बफर ठेवला तर पीएचमध्ये किंचित फरक पडला तरी पीक पुढे-मागे पळणार, आज एक वेळ, उद्या दुसरी. म्हणून पीकेएपासून एक-दोन एकक लांब राहायचं. साधा सिलिका कॉलम साधारण पीएच दोन ते आठमध्येच टिकतो, म्हणून खालीही फार जायचं नाही. एवढं सांगितलं की समोरच्याला दुसरा प्रश्न विचारायची गरज वाटत नाही. यात एमएस्सीचं काय होतं? काहीच नाही. पीएच आणि पीकेए जोडणारं हेंडरसन-हॅसलबाल्कचं समीकरण पाठ होतं, ते कॉलमशेजारी उभं करून कधी बघितलं नव्हतं इतकंच.

दुसरं उदाहरण घराजवळचं. तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीला आणि इकडे चिंचोळी एमआयडीसीत मिथिलअमाइन्स आणि त्यांच्यापासूनची रसायनं बनतात. त्यांतलंच एक डीएमएफ (डायमिथिलफॉर्मामाइड), लॅबमध्ये तुम्ही सॉल्व्हंट म्हणून वापरलं असेल. त्याचा प्रोटॉन एनएमआर (रेणूतले हायड्रोजन कुठे कुठे आहेत ते दाखवणारा आलेख) काढला तर दोन मिथिल गट दोन वेगळ्या जागी दिसतात, एक साधारण २.९ पीपीएमला आणि दुसरा त्याच्या अगदी शेजारी. दोन्ही एकाच नायट्रोजनवर आहेत, मग वेगळे का? नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनांची जोडी कार्बोनिलकडे सरकते, मधल्या बंधाला अर्धवट दुहेरीपणा येतो, तो सहज फिरत नाही, आणि एक मिथिल ऑक्सिजनच्या बाजूला अडकतो तर दुसरा हायड्रोजनच्या. नमुना पुरेसा तापवला की फिरणं वेगवान होतं आणि दोन्ही पीक मिसळून एक होतात. रेझोनन्स, बंधाची ताकद, एनएमआरचा टाइम-स्केल, तापमान, चार धडे एका बाटलीत. ही बाटली प्रत्येक लॅबच्या फळीवर आहे.

आणि अजून एक, कारण औषधांच्या मुलाखतीत हल्ली हमखास विचारतात. दुय्यम अमाइनवर नायट्रस ॲसिड टाकलं की पिवळं तेलकट नायट्रोसअमाइन येतं, ही टेस्ट तुम्ही परीक्षेसाठी पाठ केली असेल. २०१८ मध्ये रक्तदाबाचं वलसार्टन हे औषध जगभर बाजारातून परत बोलावलं गेलं ते याच रिॲक्शनपायी. ते बनवताना डीएमएफ सॉल्व्हंट होता, त्यातून थोडं डायमिथिलअमाइन सुटतं. रिॲक्शनमध्ये वापरून उरलेला ॲझाइड नष्ट करायला सोडियम नायट्राइट आणि आम्ल वापरलं. दोघांची गाठ पडली आणि एनडीएमए नावाचं नायट्रोसअमाइन तयार झालं, कॅन्सरला कारण ठरू शकणारं. त्याची स्वीकारार्ह मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम ठरवली आहे, म्हणजे ग्रॅमच्या एक कोटीव्या भागाइतकी. ही गोष्ट ज्या मुलीला सांगता येते तिला मी शाखा विचारत नाही.

तर करायचं काय? कुठलीही रिॲक्शन वाचली की पुस्तक मिटून तिच्यातली एक गोष्ट बदला. बेस बदलला तर? पाणी राहिलं तर? शेजारी नायट्रो गट असता तर? उत्तर वहीत लिहा, मग पुस्तक उघडा. ही वही क्लासच्या नोट्सपेक्षा वेगळी ठेवा. स्पेक्ट्रोस्कोपीचं (पीकांवरून रेणू ओळखायचं) रोज एक कोडं सोडवा, एकच, पण रोज. रेणुसूत्र दिसलं की आधी अनसॅच्युरेशन (दुहेरी-तिहेरी बंध आणि वलयं किती ते) मोजायचं आणि मगच पीकांकडे बघायचं. मुलं नेमकं उलट करतात आणि मग अंदाजपंचे रचना काढत बसतात. आणि मेकॅनिझम मोठ्याने समजावून सांगा, भावाला सांगा, भिंतीला सांगा. आधी मराठीत किंवा घरी जे बोलता त्या भाषेत, जमलं की इंग्रजीत. एमएस्सीची परीक्षा इंग्रजीत असते म्हणून सुरुवातीपासून इंग्रजीत रट्टा मारला की वाक्यं येतात, विचार येत नाही. ग्रुप थिअरी (रेणूंच्या सममितीचं गणित) आणि क्वांटम या दोन ठिकाणी बहुतेकांचा धीर सुटतो. त्यांचं गणित तुम्हाला वाटतं तेवढं नाही. पाण्याच्या रेणूची सममिती हाताने, कागदाचा किंवा मातीचा मॉडेल करून शोधा, मग कॅरेक्टर टेबल, म्हणजे सममितीचा तक्ता, आपोआप वाचता येतं.

हे झालं वर्गातलं. एमएस्सीची दोन वर्षं जिथे खरी वसूल होतात किंवा वाया जातात ती जागा म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग आणि प्रोजेक्ट. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रम बदललाय. दोन वर्षांचे ८८ श्रेयांक (क्रेडिट), त्यांत दुसऱ्या सत्रात ४ ट्रेनिंगचे, तिसऱ्यात ४ आणि चौथ्यात ६ संशोधन प्रकल्पाचे. म्हणजे १४ श्रेयांक तुमच्या हातच्या कामाचे. शिवाय पहिलं वर्ष पूर्ण करून काही कारणाने थांबावं लागलं तर पदव्युत्तर पदविका मिळते. तुमच्या घरची परिस्थिती बघता हे घरच्यांनाही सांगून ठेवा, म्हणजे अर्ध्यात सुटलं तर सगळंच गेलं ही भीती राहणार नाही.

ट्रेनिंगची जागा शेवटच्या आठवड्यात शोधली की ओळखीच्या दुकानाचा शिक्का असलेलं पत्र मिळतं, काम मिळत नाही. दिवाळीच्या सुट्टीपासून हात-पाय हलवा. विभागप्रमुखांचं पत्र घ्या आणि स्वतः जा. चिंचोळीत औषधांचा कच्चा माल आणि अमाइन्स बनवणारे कारखाने आहेत. साखर कारखाने तर जिल्ह्यात पावलोपावली आहेत, आणि दुसरं सत्र बरोबर गाळप हंगामात येतं. ब्रिक्स, पोल, प्युरिटी (रसातली साखर आणि तिची शुद्धता) मोजणं रटाळ वाटेल, पण जिथे डिस्टिलरी जोडलेली आहे तिथे गॅस क्रोमॅटोग्राफीवर हात बसू शकतो. केगावलाच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, माती, पानं, कीडनाशकांचे अंश यांतली केमिस्ट्री आपल्या मुलांच्या डोक्यातही येत नाही. युरोपला जाणारं डाळिंब आणि द्राक्ष कीडनाशकांच्या तपासणीशिवाय हलत नाही, आणि ती तपासणी करणाऱ्या लॅबना ॲनालिटिकलची चांगली माणसं हवी असतात.

प्रोजेक्टचं माझं मत जरा कडक आहे. ‘अमुक संयुगांचं सिंथेसिस, कॅरेक्टरायझेशन आणि जीवाणूविरोधी गुणधर्म’ या साच्यातले प्रोजेक्ट दरवर्षी ढिगाने होतात. करायला हरकत नाही, फक्त प्रत्येक पीक तुमचं तुम्हाला वाचता आलं पाहिजे. माझा कल लहान, पण उत्तर निघेल अशा प्रश्नाकडे असतो. एक सुचवतो, हवा तर घ्या. डाळिंबाची साल इथे फुकट मिळते आणि सुती टॉवेलही. सालीत टॅनिन असतं, तुरटीबरोबर ते सुताला पिवळा रंग देतं, लोहाच्या क्षाराबरोबर करडा-काळा. काढा करताना पीएच आणि तापमान बदललं तर एकूण फिनॉल किती निघतात, कापडावर रंग किती बसतो, धुतल्यावर किती टिकतो? एवढ्याला यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि चिकाटी पुरते. लोह आल्यावर रंग गडद का झाला, हे सांगताना कॉम्प्लेक्स, चार्ज ट्रान्सफर, सगळं इनऑरगॅनिक बाहेर येतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या डाइंगवाल्याशीही त्यावर बोलता येईल. गाइड निवडताना मात्र ज्या सरांची किंवा मॅडमची खोली दुपारी उघडी असते त्यांना निवडा. प्रकाशित पेपरांची यादी नंतर बघा.

‘स्कोप’बद्दल थोडक्यात. कारखान्यात सुरुवातीचा पगार तुमच्या अपेक्षेपेक्षा कमी असेल आणि दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलली की तो वाढेल, ही या धंद्याची रीत आहे. सोलापूर सोडायची तयारी असेल तर पुणे रस्त्यावरचं कुरकुंभ आणि पलीकडे हैदराबाद ही दोन मोठी दारं आहेत. सोडायची तयारी नसेल तर चिंचोळी, साखर, पाणी आणि माती तपासणीच्या लॅब, एवढ्यावर पर्याय येतात, ते आधीच मान्य करा. मुलाखतीत शिफ्ट आणि कंपनीच्या बसबद्दल न लाजता विचारा. मुली हे विचारत नाहीत आणि रुजू झाल्यावर घरी वाद होतात.

शिक्षकी पेशा डोक्यात असेल तर दोन वाटा वेगळ्या धरा. ज्युनिअर कॉलेजसाठी एमएस्सीनंतर बीएड, मग टेट (शिक्षक अभियोग्यता चाचणी) आणि शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. सीनियर कॉलेजसाठी सेट (राज्याची) किंवा नेट (देशपातळीवरची) पात्रता परीक्षा. या परीक्षा तुमच्या शाखेच्या नसतात, पूर्ण केमिस्ट्रीच्या असतात, म्हणून पहिल्या वर्षाचं इनऑरगॅनिक-फिजिकल परीक्षा संपल्यावर रद्दीत घालू नका. सीएसआयआर नेट २०० मार्कांची. त्यातल्या शेवटच्या भागात ६० पैकी २५ च प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी ४ मार्क, चुकलं तर एक वजा. म्हणजे दोन शाखा पक्क्या आणि तिसरी कामापुरती, एवढ्यावर गणित बसतं. सेटला निगेटिव्ह मार्किंग नाही आणि दुसऱ्या पेपरचे शंभरही प्रश्न सोडवायचे, तिथे सगळीकडचं थोडं थोडं लागतं. नेटमधून जेआरएफ (पीएचडीसाठीची फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहेत, तुमच्या घरासाठी ते लहान नाही. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या योजना तुमच्या प्रवर्गानुसार बघून ठेवा. पण सेट झालं की कायम नोकरी असं समजू नका. सेट-नेट होऊन तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारी मंडळी तुमच्या कॉलेजातच भेटतील. त्यांच्याशी एकदा चहा घेत मोकळेपणाने बोला.

राहिला क्लासचा प्रश्न. पहिल्या सत्रात नको. पीजीचं प्रॅक्टिकल पाचला संपेल असं वेळापत्रक सांगतं, डिस्टिलेशन ते ऐकत नाही. दुसऱ्या सत्रात ट्रेनिंग आहे, तेव्हाही नकोच. दुसऱ्या वर्षी आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायला हरकत नाही, उलट मी सुचवेन. मोल, आयॉनिक इक्विलिब्रियम, अमाइन्स दुसऱ्याला शिकवताना तुमचाच पाया भरून निघतो, आणि वर सांगितलेलं मोठ्याने बोलणं त्याच पगारात होऊन जातं. फक्त बोलणी करतानाच क्लासवाल्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. पगार महिन्याच्या महिन्याला हवा, निकालानंतर एकदम नको. आणि मार्च-एप्रिलमध्ये क्रॅश कोर्सला उभं करता येणार नाही, कारण तेव्हा तुमचा प्रोजेक्ट लिहून व्हायचा असतो. याला कबूल असतील तर धरा, नसतील तर गल्लीतली चार मुलं घरी बोलवून शिकवा.